सावत्र हात

मी डॉक्टर नाही. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, घरातला कॉलेजात गेलेला पहिलाच. आजारपणावर लिहायचा मला काय अधिकार, असं वाटतं. चुकलं तर माफ करा. पण माझ्यासारखेच चट्टे अंगावर असलेलं कुणी हे वाचेल, म्हणून लिहितो.

"सोरायसिस," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "तुझ्यामुळे दुसऱ्याला होणार नाही." शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच त्वचेवर उलटते, त्वचा भराभर वाढते, खपल्या धरतात. माझ्या दोन्ही कोपरांवर होत्या. निजामपुऱ्यात कापड विणायच्या लूमवर काम करणारे बाबा त्याला कापसाच्या धुळीची अ‍ॅलर्जी समजत होते.

मलमांनी चट्टे उतरायचे, पुन्हा यायचे. मग मॅडमनी मुंबईतली एक चाचणी सुचवली. औषध एसआय-आरएनए. मला कळलं ते असं: जीन पेशीला दाह वाढवणारं प्रथिन बनवायचा निरोप धाडतो, हा रेणू तो वाटेतच तोडतो. शेठचा हुकूम लूमपर्यंत पोचलाच नाही, तर ते कापड विणलं जात नाही. हे अजून सिद्ध व्हायचं आहे, म्हणूनच चाचणी.

एका कोपराला औषधाचं मलम, दुसऱ्याला साधं. कुठलं कुठे, हे मॅडमनाही माहीत नव्हतं. दुसरं काही लावायचं नाही.

काही आठवड्यांत डावा चट्टा फिका पडला. उजवा तसाच. आईला बघवेना.

"एका हाताला सख्खं, दुसऱ्याला सावत्र? लाव ना तेच मलम तिकडं!"

"मग गुण कशाचा, ते कळणार कसं?"

"खाज तुला सुटते, मॅडमला न्हाय."

खरंच होतं. मी मूठ आवळून बसायचो.

मग वज्रेश्वरीच्या कुंडाचा विषय निघाला. चट्टे उठले की आमच्याकडे तिथल्या गरम पाण्यात बुडी मारतात, आणि आईने नवस बोललेला. मी नाही म्हटलं. बाबा हसले, "शिकवलंस ना त्याला? आता ऐक!"

आई एकटीच बसने गेली. परतली ती उजवा हात कोपरापर्यंत लाल करून.

"तुझ्या नावानं माझाच बुडवला. आता तुझी चाचणी बाटली न्हाय ना?"

माझे डोळे भरले. त्यानंतर उजव्या हाताला मी नखही लावलं नाही.

सगळ्यांची चाचणी संपेपर्यंत निकाल कळणार नव्हता. काल मॅडमचा फोन आला. औषध डाव्यालाच होतं.

"एकट्या तुझ्यावरून काही ठरत नाही," त्या म्हणाल्या. "पण उजवा तसाच राखलास, म्हणून तुझी नोंद धरता आली."

आई शेजारीच उभी होती. "विचार त्यांना, आता त्या सावत्राला खोबरेल लावू का?"

मॅडमना ते ऐकू गेलं. "लावा," त्या म्हणाल्या.