कुकरातला पास्ता

मंडळी, आज संध्याकाळी घरात सासू-सुनेचा अबोला होता. आतल्या खोलीत सुनेच्या बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. माहेरी गेली तर परत कधी येईल?

चूलही थंडच होती. मी डब्यातला पास्ता, कांदा, टमाटर, तिखट भातासारखं कुकरात लावलं.

पहिल्या शिट्टीला कोणी हललं नाही. दुसरीला दोघी दोन दारांतून धावत आल्या.

"बाबा, पास्ता कुकरात कायले लावला?" ओट्यावरचा रिकामा डबा पाहून सून म्हणाली.

"यांले भाताशिवाय काही समजते का, पोरी!" बायको म्हणाली.

दोघींनी मिळून, मलाच बोलत, तो लगदा वाढला. जेवल्यावर सुनेचे कपडे बॅगेतून परत कपाटात गेले.

पास्ता कुकरात लावत नाहीत, हे मला माहीत होतं. या ग्रुपवर आमच्या घरचं कोणी नाही. तुम्ही सांगणार नाही ना?