आधी वरचा बोल्ट

गेल्या डिसेंबरचा दुसरा रविवार. गिअर ऑइल दोन लिटर, आठशे चाळीस रुपये. बोल्टखाली बसवायचा तांब्याचा वायसर, तीस रुपये. एकूण आठशे सत्तर. हजर तिघं: मी, बायको आणि आई.

गॅरेजवाल्याने याच कामाचे सोळाशे सांगितले होते. गाडी अकरा वर्षांची, दुसरा गिअर टाकताना करकर वाजायची. त्या दिवशी चार वाजता आईला घेऊन अक्कलकोटला जायचं ठरलं होतं. तिथे माझी मावशी, आईची धाकटी बहीण, महिनाभर अंथरुणावर होती. वाटेत गाडीने त्रास द्यायला नको म्हणून सकाळीच ऑइल बदलून घ्यावं असं मला वाटलं. मी एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो. कागदावर नऊ पायऱ्या लिहिल्या, कारखान्यातल्या फिटरकडून गाडी उचलून टेकवायचे दोन स्टँड आणि मोठा पान्हा मागून आणला, आणि साडेनऊला पोर्चमध्ये गाडीखाली शिरलो.

"आठवडाभर टॉवेल मोजून भागलं नाही वाटतं," बायको चहा ठेवत म्हणाली. "आता तेल मोजा."

मी खरंच मोजलं. गिअरबॉक्सच्या तळाचा बोल्ट काढला, जुनं ऑइल परातीत घेतलं आणि दुधाच्या मापाने डब्यात ओतलं. एक लिटर सातशे भरलं. काळंकुट्ट, आणि त्यात बारीक चमकणारा लोखंडाचा कीस. कागदावर पाचव्या पायरीपुढे खूण केली. सहावी पायरी अशी की गिअरबॉक्सच्या कुशीतला दुसरा, वरचा बोल्ट काढायचा आणि तिथून नळीने नवं ऑइल भरायचं.

अकराला मावसभावाचा फोन आला. बायकोने फोन माझ्या कानाला लावला, माझे हात तेलाचे होते.

"दादा, आईनं पाणी सोडलंय रे. सारखं दाराकडं बघतीया. अक्का बंदळेन, अक्का बंदळेन, एवढंच. मावशीला आत्ता घेऊन ये. संध्याकाळची वाट बघू नको."

अक्का आली का, असं ती विचारत होती. दोघी बहिणी एकमेकींशी कानडीतच बोलायच्या. त्यांचे दोन्ही भाऊ केव्हाच गेले होते. आता दोघीच.

मी म्हणालो, "अर्ध्या तासात निघतो."

आईने लुगडं बदललं, चप्पल घातली आणि पिशवी मांडीवर घेऊन पोर्चमधल्या खुर्चीत बसली. वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघे गेलेले, एसटीची पायरी चढणं शक्य नाही. ती नेहमी माझ्याच गाडीने जायची, पुढच्या सीटवर, मागे उशी लावून.

मी वरच्या बोल्टला पान्हा लावला. हलेना. जोर लावला तर पान्हा सटकला. पाइप जोडून लांब दांडा केला, सगळं अंग टाकलं, तेव्हा काहीतरी फिरल्यासारखं वाटलं. बोल्ट तिथेच होता. त्याचे कोपरे गोल झाले होते.

नंतर मंगळवारी मिस्त्री आला, त्याने छिन्नी लावून चार ठोक्यांत तो बोल्ट काढला, चारशे रुपये घेतले आणि फडक्याला हात पुसत म्हणाला, "सायेब, आदी वरचा सोडायचा असतो. वरचा सुटला तरच खालच्याला हात लावायचा. न्हायतर गाडी उपाशी बसती की." माझ्या नऊ पायऱ्यांत खालचा तिसरा होता आणि वरचा सहावा. रोज कारखान्यात मी पोरांना सांगतो, नवा माल आत आल्याशिवाय जुना बाहेर सोडू नका. तेवढंही मला घरी सुचलं नाही.

रविवारी मात्र मला एवढंच कळत होतं की गिअरबॉक्स कोरडा आहे. जुनं तेल परत ओतायलासुद्धा तोच बोल्ट सुटायला हवा, आणि कोरड्या गिअरबॉक्सवर अडतीस किलोमीटर जाता येत नाही.

"झालं काय रे?" आईने विचारलं. पावणेबारा झाले होते.

"होत आलंय."

"सावकाश कर. बोटं जप."

बायको गाडीशेजारी उकिडवी बसली आणि आईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "अहो, भाड्याची गाडी बोलावू या. वीस मिनिटांत येते."

"दहा मिनिटं थांब. सुटतोय."

सुटत नव्हता. मी रॉकेल मारलं, कानशीने नवे कोपरे पाडायला बसलो, चिंधी घालून पान्हा घट्ट केला. भाड्याच्या पैशांसाठी थांबलो असं कुणाला वाटेल, पण ते खरं नाही. पैसे खिशात होते. हातातलं काम अर्धं टाकून मला उठता येत नाही. तेवीस वर्षांत मी एकदाही यादी अर्धी ठेवून घरी आलेलो नाही. आणि आईला मी नेणार, माझ्या गाडीने, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं होतं की दुसरी गाडी बोलावणं म्हणजे हरणं वाटत होतं.

साडेबाराला आईने विचारलं, मी होत आलंय म्हणालो. एकला विचारलं, तेच म्हणालो. बायकोने तिला ताट आणून दिलं. "तिकडं गेल्यावर तिच्यासंगं खाईन," आई म्हणाली आणि ताट परत पाठवलं. दीडच्या सुमारास तिने चौथ्यांदा विचारलं. मी गाडीखालूनच तेच उत्तर दिलं. मला फक्त तिच्या चपला दिसत होत्या, एकीला एक लागून, दाराकडे तोंड करून.

पावणेदोनला बायकोने मला न विचारता गाडी बोलावली. सव्वादोनला आम्ही निघालो. मी साबणाने हात धुतले होते तरी नखांत तेल होतं. आई पुढे बसली. उशी न्यायची राहिली.

वळसंगच्या पुढे फोन वाजला. मावसभाऊ नुसता रडत होता. मी फोन कानाला धरून बसलो. आई पुढेच बघत होती.

"कवा?" तिने विचारलं.

मी फोनवर विचारलं आणि सांगितलं, "अडीचला."

तिने मान हलवली. तिने मला काही म्हटलं नाही, त्या दिवशीही नाही, नंतरही नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं. हिशेब मलाच करावा लागला. फोन आल्यावर लगेच गाडी बोलावली असती तर साडेबाराच्या आत पोचलो असतो. म्हणजे दोन तास. महिनाभर वाट बघणाऱ्या बाईला आणि तिच्या बहिणीला दोन तास पुष्कळ होते. हे दोन तास मी कशातही मिळवून बघितले, तरी ते दोनच राहतात आणि माझ्याच नावावर राहतात.

गाव लागल्यावर आई ड्रायव्हरला म्हणाली, "कापडाच्या दुकानाशी थांबीव रे बाबा."

मला आधी कळलं नाही. मग कळलं. बाई गेली की तिच्या अंगावर माहेरची साडी घालतात. भाऊ नव्हते, म्हणून माहेर म्हणजे आता आई. मी तिला धरून दुकानाच्या तीन पायऱ्या चढवल्या. हिरवी इरकल तिने उलटीसुलटी करून बघितली, काठ बोटांनी चाचपला, मावशी उद्या स्वतः नेसणार असावी तसा. दुकानदाराने साडेआठशे सांगितले. मी पाकीट काढलं.

"ठिव ते," आई म्हणाली. "ही म्हायेरची हाय. तू तिच्या म्हायेरचा न्हवंस."

ड्रायव्हरला जाऊन-येऊन आणि थांबण्याचे धरून अठराशे मी संध्याकाळी दिले. साडीचे साडेआठशे आईने तिच्या कनवटीच्या पिशवीतून काढले, पन्नासाच्या सतरा नोटा, आणि माझ्यासमोर दुकानदाराच्या हातात दिले.