साहेबाचे हँड

उजवी मूठ मिटून तुम्ही कधी दिवसभर काम केलं आहे का? तशीच मूठ मिटून जेवलात का? नसाल, तर पुढचं नीट वाचा.

अमेरिकेत लढाई पेटली आणि वऱ्हाडात कापसाचं सोनं झालं, असं लोक म्हणतात. सोनं ज्यांच्या घरी गेलं त्यांनी म्हणावं. आमच्या वाट्याला अमरावतीतल्या एका गोऱ्या साहेबाचा कापसाच्या गाठी बांधायचा कारखाना आला. माय आणि मी तिथं पेटीत रुई तुडवायचो. जमिनीत पुरलेली लाकडी पेटी. वरून रुई पडायची, आम्ही आत उतरून पायांनी दाबायची. तंतू नाकात, घशात, डोळ्यांत. संध्याकाळी थुंकलं तर थुंकीतही रुई.

सकाळी आधी कारकुनाची खिडकी. तिला खाली सरकणारी झडप होती. ती तो वीतभर वर उचलायचा. त्या फटीतून उजवा हात आत घालायचा. आमचा विटाळ नको म्हणून लांब दांड्याच्या ठशानं तो तळहातावर गेरूचा शिक्का मारायचा आणि ओरडायचा, "हँड!" मग पुढचा हात. तोंड कोणाचं, ते त्यानं कधी पाहिलं नाही. संध्याकाळी तोच हात पुन्हा आत. शिक्का दिसला तर दिवसाचा रोज मिळायचा. घामानं पुसला तर तुम्ही कामावर आलाच नव्हता.

म्हणून मूठ. दुपारी बाया पदरावर भाकर ठेवायच्या आणि वाकून तोंडानंच तोडायच्या. डाव्या हातानं खायला त्यांना लाज वाटायची. आमच्याबरोबर साळू आत्या होती, बोलायला तिखट. ती म्हणायची, "खा वं बयना, खा. आता हंबरनं तेवढं बाकी राह्यलं." सगळ्या हसायच्या. हसता हसता खोकायच्या.

हँड या शब्दाचा अर्थ आम्हाला माहीत नव्हता. साहेब घोड्यावरूनच विचारायचा, "सब हँड आया?" कारकून मान लववायचा. बायांना वाटलं, पाटील, हवालदार असतात तसा हा साहेबानं दिलेला काही मान असेल. माय तर चांदूरच्या बाजारात सांगून आली, "आमी साहेबाचे हँड हाओ." तेव्हापासून तिथली माळीण तिला हाक मारायची, "या हँडीणबाई, वांगे पाहा कशे ताजे हायेत!" माय पदर सावरून पुढं व्हायची. तिला आयुष्यात पहिल्यांदा कोणी तरी बाई म्हटलं होतं.

मला अक्षर येत होतं. मामा बैलगाडीनं माल घेऊन लांब लांब जायचे, येताना छापील चोपडी आणायचे. माणूस जन्मानं हलका नसतो, हे मी त्यांत वाचलं होतं. वाचणाऱ्याला प्रश्न पडतात. एका सकाळी मी खिडकीत वाकून विचारलं, "भाऊसाहेब, हँड म्हंजे काय जी?"

कारकून हसला. "हँड म्हणजे हात. एवढा, मनगटापर्यंत. तुम्हाला काय सरदारकी वाटली? साहेबाला हात हवे असतात. त्यांना जोडून माणूस येतो, त्याला काय इलाज?"

त्या दिवशी मी मायला सांगितलं. तिनं चुलीत काटकी सारली. मग म्हणाली, "असू दे. हात तं हात. तुह्या तोंडात घास त्यानंच गेला ना?"

चांदूरच्या बाजारात मात्र ती पुन्हा गेली नाही.

मग तो दिवस आला. साळू आत्या पेटीत कोसळली. तंतूंनी जीव कोंडला होता. वरून रुई पडतच होती. मायनं मूठ उघडली. दोन्ही हातांनी तिला काखेत धरून वर ओढलं. आत्या वाचली. मायच्या तळहातावर नुसता लाल चिखल उरला.

संध्याकाळी तिनं तो हात खिडकीत घातला.

"शिक्का कुठे आहे?"

"जी, साळू पेटीत पडली होती, तिले वढून काढली. माह्यं थोबाड तं पाहा. सकाळपासून इथंच हाओ मी."

"थोबाडावर शिक्का मारतो का मी? हात काढ."

मायनं हात काढला नाही. त्यानं झडप सोडली. तिची बोटं चिमटली. ती ओरडली नाही. म्हणाली, "जी."

बोटं झडपेखाली, आणि तोंडात जी! तो शब्द माझ्या कानात अजून आहे. मी झडप उचलली, मायचा हात सोडवला. माझ्या तळहातावरचा शिक्का भिंतीवर घासला, साफ जाईपर्यंत. मग त्या फटीला तोंड लावलं.

"हिचं नाव कासाबाई. आज हिनं एक जीव वाचवला. तुमी तिचे बोटं मोडले."

"तू कोणता हँड?"

"मी हँड नाई. माहा हात या खिडकीत आता येनार नाई."

मागं रांगेतून साळू आत्या धडपडत पुढं आली आणि तिनंही हात भिंतीवर घासला. आणखी दोघी आल्या. बाकीच्यांनी मुठी पोटाशी धरल्या आणि माना खाली घातल्या. त्यांच्या घरी लेकरं उपाशी होती. त्यांना मी दोष देत नाही. मी दोष देतो त्या कारकुनाला. मराठीत मजूर आहे, गडी आहे, बाई आहे. यातला एकही शब्द त्याला चालला नाही. साहेबाचा शब्द त्यानं उचलला, कारण त्यात माणूस नव्हता.

आम्हाला दारवानानं फाटकाबाहेर ढकललं. मायची दोन बोटं आता वळत नाहीत. ती मामांच्या मळ्यात निंदणाला जाते. बडनेऱ्याला आगगाडी आली, गाठी भराभर जातात. अकोल्यात नवा कारखाना निघाला आहे. तिथंही तशीच खिडकी बसवली आहे. मी पाहून आलो. ती खिडकी उखडल्याशिवाय मी राहणार नाही, आणि ते एकट्याचं काम नाही.

वाचकहो, तुम्हाला वाचता येतं. अकोल्याला जा. सकाळी त्या खिडकीसमोर रांग लागते. तिथं उभे राहा आणि हा कागद मोठ्यानं वाचा, आतल्या कारकुनाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. रांगेतल्या बायांना हँडचा अर्थ सांगा. कोणी अडवलं तर वाचणं थांबवू नका.