बाबांची धाकटी

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या मेलव्हिल बेटावर नवखं माणूस आलं की आधी त्याच्या डोक्यावर खाडीचं पाणी ओतायचं, गेलेल्या वाडवडिलांना हाक मारून त्याची ओळख करून द्यायची आणि मगच गळ टाकायचा. कॉन्सेप्टाच्या वडिलांच्या खाडीवर हा मान ते गेल्यापासून तिचाच होता. बाई तोंडाने फटकळ, पण खारफुटीच्या चिखलातून खेकडा काढावा तर तिनेच. मासेमारीला येणारे पाहुणे तिच्यापुढे मुकाट मान वाकवायचे.

मग धाकटी बहीण जेरार्डिन डार्विनहून परत आली. अर्धं आयुष्य शहरात काढलेली, गोडबोली, हसली की पाहुणे खूश. पाहुण्यांना आणणाऱ्या होडीवाल्याने परस्पर तिलाच पाणी ओतायला सांगितलं आणि कॉन्सेप्टाच्या अंगाचा तिळपापड झाला. लहानपणीही हेच. चिखलात हात फोडून घ्यायचे हिने आणि बाबांच्या हातचा माशाचा पहिला घास जायचा जेरार्डिनच्या तोंडात. आता हाकही तिनेच मारायची? पाणी ओतून होईतो कॉन्सेप्टा झाडांआड उभी राहिली आणि हळूच पुटपुटली, "बाबा, ही माणसं आपली नव्हेत. यांना काही देऊ नका."

त्या दिवशी पाहुण्यांच्या गळाला एक मासा लागला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कॉन्सेप्टा मात्र दोन्ही दिवस पोटभर जेवली.

पुढच्या सकाळी जेरार्डिन एकटीच खाडीवर आली. भांडायला आली असणार, असं धरून कॉन्सेप्टाने चार उत्तरं तयार ठेवली होती.

"ताई, बाबा माझा आवाज विसरलेत गं," जेरार्डिन म्हणाली. "तूच त्यांना माझी ओळख करून दे."

"तुझी? परक्या माणसासारखी?"

"परकीच झालेय ना मी."

आणि ती समोर गुडघे टेकून बसली. कॉन्सेप्टाला आतून गारगार वाटलं. तिने ओंजळीऐवजी डबाच भरला आणि पार पाठीपर्यंत निथळेल इतकं पाणी बहिणीवर ओतलं. मग खाडीकडे तोंड करून मोठ्याने हाक दिली, "बाबा, तुमची धाकटी आलीय. ओळखा तिला."

जेरार्डिनने तिथूनच गळ फेकला. तो पाण्यात नीट बुडतो न बुडतो तोच दोरी ताणली गेली आणि हातभर लांब बारामुंडी मासा उसळी मारून वर आला. जेरार्डिन रडत हसत होती.

कॉन्सेप्टाने मासा कल्ल्यात बोट घालून काठावर ओढला. रोज सकाळी ती याच जागेवरून बाबांना हाक मारत आली होती. इतक्या घाईने ते तिच्यासाठी कधी आले नव्हते.