बिनरश्श्याची पंगत

१९४९ सालच्या पौषात सावद्याजवळच्या एका केळीच्या बागेत माझ्या पत्नीच्या मामांनी गावातल्या तीसेक माणसांना मटणाचं जेवण दिलं, आणि त्यात रस्सा नव्हता. पूर्व खानदेशात असं त्याआधी कधी घडल्याची माहिती मला मिळालेली नाही, त्यानंतरही नाही. मामांइतका हट्टी माणूसही मला त्या जिल्ह्यात दुसरा भेटला नाही. मी तेव्हा जळगावच्या एका साप्ताहिकात बातम्या लिहीत असे, त्यामुळे हट्टी माणसं रोजच्या पाहण्यातली होती. पण त्यांच्या हट्टामागे खुर्ची असायची, बांध असायचा, निदान सूड तरी असायचा. मामांना फक्त एका बाईंना एक वेळ आपल्या घरचं जेवण जेवू घालायचं होतं.

या बाई भुसावळच्या एका अँग्लो-इंडियन गार्डसाहेबांच्या पत्नी. मामा त्यांना गार्डबाई म्हणत, म्हणून आम्हीही म्हणायचो. ओळख केळ्यांमुळे झाली. मामांची केळी वॅगनीत भरून उत्तरेकडे जात. एका उन्हाळ्यात त्यांच्या वॅगनी भुसावळच्या यार्डात अडकल्या, आत केळी पिकायला लागली, आणि मामा रुळांच्या मधोमध उभे राहून दिसेल त्या गणवेशाला हात जोडू लागले. या गार्डसाहेबांनी खटपट करून वॅगनी पुढच्या मालगाडीला जोडून दिल्या आणि या उपाशी माणसाला आपल्या क्वार्टरमध्ये नेलं. गार्डबाईंनी भट्टीतून एक लांबट तपकिरी ठोकळा काढला, सुरीनं कापला आणि दोन चकत्या उकडलेल्या बटाट्यासोबत मामांपुढे ठेवल्या. बोकडाचा खिमा, दुधात भिजवलेला पाव, अंडं, कांदा आणि मिरी एकत्र मळून, पावाच्या साच्यात दाबून भाजलेला तो पदार्थ. गार्डबाई त्याला लोफ म्हणत. त्यांना तो त्यांच्या आईनं शिकवला होता आणि आईला आजीनं. मामांनी दोन चकत्या खाल्ल्या, आणखी दोन मागितल्या, आणि त्या दिवसापासून भुसावळला काम नसलं तरी काम काढू लागले.

अशी बरीच वर्षं गेली. मग स्वातंत्र्य आलं, ओळखीचं एकेक अँग्लो-इंडियन कुटुंब बोटीत बसू लागलं, आणि गार्डसाहेबांनीही पुढच्या फाल्गुनात विलायतेला जायचं ठरवलं. तेव्हा मामांच्या लक्षात आलं की या बाईंच्या टेबलावर आपण इतकी वर्षं जेवलो, पण आपल्या घरचा एक घासही त्यांच्या पोटात गेलेला नाही. दोष गार्डबाईंचा नव्हता. त्या दर थंडीत म्हणायच्या, "पाटील, भरता-रोटी खिलाओ, मैं आज आती हूँ." मामा ऐकत नसत. मी एकदा त्यांना विचारलं की भरीत खायला का बोलावत नाही, तर माझ्याकडे असे पाहू लागले जणू मी बागेला आग लावायला सुचवलं होतं. "जवाईबापू, तिनं मले तिच्या मायच्या हातचं खाऊ घातलं. अन् मी तिले वांगं घालू?" त्यांना लोफच करायचा होता, आपल्या बागेत, आपल्या चुलीवर, आणि गार्डबाईंनी तो खाऊन बरोबर झाला असं म्हणायला हवं होतं. तोवर बोलावणं नाही.

इथे एक रीत सांगायला हवी. मामांच्या घरात मटण शिजत नसे. ज्याला खायचं असेल त्यानं बागेत जाऊन शिजवावं, तिथली भांडी तिथेच झाडाखाली पालथी घालावी आणि विहिरीवर अंघोळ करून घरात यावं. मामी या रीतीच्या बाबतीत कडक होत्या. मामाही कडकच होते, फक्त त्यांनी त्यात स्वतःची भर घातली होती. गार्डसाहेबांनी दिलेला रेल्वेचा जुना काळा कोट चढवल्याशिवाय ते खिम्याला हात लावत नसत. चैत्र असो, वैशाख असो, चुलीपुढे घामानं निथळणारा कोट बसलेला असायचा. कोणी विचारलं तर म्हणत, "सायेबाचा पदार्थ शे, उघड्या अंगानं कसा करू?" गार्डसाहेब स्वतः बनियन घालून स्वयंपाकघरात वावरतात हे त्यांनी शेकडो वेळा पाहिलं होतं. त्याचा परिणाम झालेला नव्हता.

खरी अडचण भट्टीची होती. सावद्यात भट्टी कुठून आणायची? मामांनी विचार केला आणि मामींचं खापर उचललं. खापर म्हणजे मांडे भाजायचं मातीचं मोठं भांडं. चुलीवर पालथं घालतात आणि त्याच्या पाठीवर अक्षयतृतीयेला पुरणाचे मांडे पसरून भाजतात. मामींचं खापर त्यांच्या सासूच्या वेळचं होतं. मामांनी ते बागेत नेऊन लोफावर पालथं घातलं आणि वरून निखारे रचले. लोफ एका बाजूनं कच्चा राहिला. खापराला मात्र दोन्ही बाजूंनी मटणाचा वास लागला. मामी त्यांना एवढंच म्हणाल्या, "आता अक्षयतृतीयेले त्याच्यावर तुमचा कोट भाजा." नंतर बरेच दिवस त्या मामांशी माझ्या पत्नीमार्फत बोलत. पत्नी जळगावला असल्यामुळे हे संभाषण फार सावकाश चाले.

वेळेचा घोळ आणखी मोठा होता. गार्डबाईंनी कृती सांगताना वेळ रेल्वेच्या भाषेत सांगितली होती: पॅसेंजर सुटली की लोफ आत, मालगाडी आली की बाहेर. त्यांच्या क्वार्टरमागे दोन्ही गाड्या रोज ठरावीक अंतरानं जात, म्हणून तो हिशेब तिथे बरोबर होता. मामांची बागही रुळांना लागून होती. त्यांनी तोच हिशेब जसाच्या तसा उचलला. पॅसेंजर शिट्टी देऊन गेली की ते लोफाचा साचा निखाऱ्यात ठेवत आणि कान रुळांकडे लावून बसत. सावद्याला मालगाडी तिच्या मनाला येईल तेव्हा येई. ती लवकर आली की लोफ गुलाबी, उशिरा आली की कोळसा. एकदा ती आलीच नाही. मी त्या दिवशी तिथे होतो. धूर कोटाच्या बाह्यांमधून निघू लागला तरी मामा उठेनात.

"मामा, जळतंय," मी म्हणालो.

"गाडी कुठी आली अजून?"

"घड्याळ लावा की."

"बाईनं घड्याळ नही सांगितलं."

हा गुंता शेवटी गार्डसाहेबांनी सोडवला. मामांनी भुसावळला जाऊन मालगाड्यांच्या अनियमितपणाबद्दल त्यांच्याकडे रीतसर तक्रार केली. तक्रारीचं कारण कळल्यावर गार्डसाहेब खुर्चीवरून उठून उभे राहिले. "अरे पाटील, इतने साल से मैं उस गाड़ी में बैठता हूँ, मुझे उसका भरोसा नहीं. तुमको कैसे है?" आणि त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथून पुढे मामा घड्याळ पाहू लागले. खापराऐवजी त्यांनी रॉकेलचे डबे आडवे कापून, उकळून, घासून घेतले. साच्याला आतून केळीची पानं लावली. सरपण म्हणून कपाशीच्या वाळलेल्या काड्या, म्हणजे ज्यांच्यावर भरिताची वांगी भाजतात त्याच. पाव भुसावळहून गाडीनं यायचा. मधल्या काळात पावाऐवजी ज्वारीची भाकरी कुस्करून घालून पाहिली होती, पण तो लोफ सुरी लावताच वाळूच्या किल्ल्यासारखा बसला. गावातली मटण खाणारी मंडळी हे सगळे नमुने खात होती. त्यांनी पदार्थाला मटणाची वीट असं नाव ठेवलं होतं, पण बोलावणं आल्यावर कोणी चुकत नसे.

पौषात एके दिवशी मामा सुरीवर चकती घेऊन तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "झाला." त्याच आठवड्यात त्यांनी गार्डसाहेबांना आणि बाईंना बोलावणं धाडलं. सोबत आम्हाला, बागेतल्या नेहमीच्या मंडळींना आणि शिरपूरहून आपल्या व्याह्यांना. या व्याह्यांना सगळे आबा म्हणत. मटणाच्या जेवणाबाबत आबांचा शब्द तापीच्या दोन्ही काठांवर चालायचा.

त्या दुपारी मामी बागेत आल्या, ही पहिली अनपेक्षित गोष्ट. बागेत मटण असताना त्या कधीच येत नसत. "बाईमाणूस जेवाले येईन अन् घरची बाई नही? लोक काय म्हणतील?" असं म्हणून त्या मटण न खाणाऱ्यांसाठी घरी केलेल्या डुबुकवड्यांचं मोठं पातेलं घेऊन आल्या. काळ्या मसाल्याच्या झणझणीत रश्श्यात सोडलेले बेसनाचे ते गोळे. पातेलं पंगतीसाठी बागेत घातलेल्या मांडवाच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवून त्या चुलीकडे पाठ करून बसल्या. गार्डसाहेबांबरोबर गार्डबाई फुलाफुलांचा झगा घालून आल्या. त्यांच्यासाठी खुर्ची आणली होती. ती बाजूला सारून त्या सरळ पंगतीत मांडी घालून बसल्या.

मामांनी कोटाची बटणं लावली आणि वाढायला सुरुवात केली. प्रत्येक ताटात भाकरीशेजारी लोफाची एक जाड चकती आणि उकडलेला बटाटा, भुसावळला मिळायचा तसाच. आता आमच्याकडे मटणाच्या पंगतीत ताट पुढे आलं की माणूस आधी भाकरी चुरतो. चुरलेल्या भाकरीला मध्ये आळं करतो, म्हणजे वाढपी त्यात रस्सा ओततो. हे कोणी ठरवून करत नाही, हात आपोआप करतात. तीसेक माणसांनी दोन-दोन भाकरी चुरल्या, आळी केली आणि मान वर करून वाट पाहू लागली. कोणी येईना. चकत्या ताटाच्या कडेला तशाच. मामा मांडवाच्या मधोमध उभे होते आणि त्यांना काय चुकलं ते कळत नव्हतं. लोफ ते नेहमी भुसावळला काट्याचमच्यानं बटाट्याबरोबर खात आले होते, आणि बागेतले नमुने लोक उभ्या उभ्या हातावर घेऊन खात. ताट आणि पंगत आजच मांडली होती.

शेवटी आबांनी तोंड उघडलं. "याहीबोवा, सगळी भाकर चुरी टाकी. रस्सा कोठे शे?"

"याले रस्सा नसते, आबा."

"मटणले रस्सा नही?"

"नही."

आबांनी शांतपणे आपल्या आळ्याकडे पाहिलं. मांडवाच्या टोकाला कोणीतरी हसलं, आणि मग कोणालाच हसू आवरेना. मामांचा चेहरा पडला. ते गार्डबाईंकडे पाहत होते. बाईंनी शेजाऱ्याचं पाहून स्वतःची भाकरीही चुरली होती आणि अगदी व्यवस्थित आळं केलं होतं. त्यांनी चकतीचा एक तुकडा मोडून तोंडात घातला. सगळ्या माना तिकडे वळल्या. बाई बराच वेळ चावत राहिल्या.

"पाटील," त्या म्हणाल्या, "मेरी मम्मी का भी ऐसाच सूखा होता था."

मामांना हे कौतुक आहे की नाही ते कळेना. "म्हणजे बराबर झाला?"

"एकदम बराबर. हम लोग पानी पी-पी के खाते थे."

तेवढ्यात मामी उठल्या. पदर खोचून त्यांनी पातेलं उचललं, पंगतीत आल्या आणि गार्डबाईंसमोर थांबल्या. आपली पळी मटणाच्या ताटाला लागू नये म्हणून त्यांनी हात चांगला खांद्याइतका वर धरला आणि त्या उंचीवरून रश्श्याची धार बरोबर आळ्यात सोडली. एक थेंब बाहेर गेला नाही. मामा धावले. "अवं, लोफावर नको! बिघडीन!" मामी म्हणाल्या, "तुमचा लोफ तुमी पाहा. माह्या घरी पाहुणी कोरडी भाकर नही खायची." आणि पुढच्या ताटाकडे वळल्या. पळी तितकीच वर.

गार्डबाईंनी लोफ रश्श्यात कुस्करला, भाकरीत कालवला आणि खाल्ला. डोळ्यांतून पाणी येत होतं, नाक पुसत होत्या, आणि ताट पुन्हा पुढे करत होत्या. आबांनी तीनदा रस्सा घेतला आणि वीट उत्तम झाल्याचा निर्वाळा दिला. मामा सगळ्यांत शेवटी बसले. त्यांनी आपली चकती आधी कोरडी खाल्ली, पूर्ण. मग दुसरी घेतली आणि मामींकडे न पाहता ताट पुढे सरकवलं. मामींनी वाढलं. त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी थेट बोलू लागले.

फाल्गुनात गार्डसाहेब आणि बाई गेले. भुसावळच्या फलाटावर मामामामी दोघंही आले होते. मामांनी केळ्यांचा घड आणला होता, तो डब्यात चढवताना गार्डसाहेबांशी त्यांचा वाद झाला आणि घड चढला. मामींनी काळ्या मसाल्याचा एक डबा बाईंच्या हातात दिला. दोघींनी एकमेकींच्या भाषेत काहीही बोलायचा प्रयत्न केला नाही. बाईंनी मामींचा हात गाडी हलेपर्यंत सोडला नाही. मामांनी त्यानंतर बागेत लोफ केला नाही. मी विचारलं तर म्हणाले, "खाल्ला ना तिनं. आता कोनासाठी करू?" कोट खुंटीला होता. मटण बागेत पुन्हा रश्श्याचं होऊ लागलं.

दोनेक वर्षांनी गार्डसाहेबांचा एक जुना सोबती सावदा स्टेशनवर गाडी थांबली असताना खाली उतरला आणि केळी चढवणाऱ्या मामांना शोधून म्हणाला, "मेमसाब ने कहलवाया है, मसाला खतम." त्या उन्हाळ्यात मामींना नेहमीपेक्षा जास्त मिरच्या वाळत घालताना मी पाहिलं. मसाला कुटून झाल्यावर मामांनी डबा स्वतः भुसावळला नेला. एक रेल्वे कुटुंब त्या महिन्यात विलायतेला निघालं होतं, त्यांच्याकडे तो दिला. त्यांना मुंबईला सोडायला गेलेल्या माणसाला मी नंतर भेटलो. डबा बोटीवर चढला होता.