तारखेला हात न लावणारा

मालवणच्या बाजारातला हा फोटो स्टुडिओवाला ‘किती कॉपी?’ असं कधीच आधी विचारत नाही. चष्मा कपाळावर चढवतो आणि विचारतो, “कधीचो?” उत्तर मिळेपर्यंत माऊस धरत नाही.

आई गेल्यावर तिचा तोंडवलीच्या किनाऱ्यावरचा फोटो मी घरीच उजळ केला आणि दुसऱ्या दिवशी प्रिंटसाठी त्याच्याकडे नेला.

“कधीचो?”

“मे महिन्यातलो.”

त्याने फाईल तपासली. “मगे हेच्यार कालची तारीख कित्याक? मूळ फोटो दी.”

मूळ फोटो घेऊन त्याने सगळं काम पुन्हा केलं आणि नवी फाईल काढताना जुनी तारीख तशीच ठेवली. काम चालू असतानाच मी म्हटलं होतं, “ऱ्हवांदे, प्रिंटार तारीख खंय दिसता?”

तेव्हा तो माझ्याकडे वळला होता. “उजेड वाढवूचो, रंग सुधारूचो. तारखेक हात लावूचो नाय. उद्या तुझी नातवंडां बघतली, तेंका खरी तारीख होयी.”

मग ती फाईल त्याने स्वतः माझ्या फोनवर पाठवली.

बाहेर येऊन मी फोनमधला, तारखेप्रमाणे फोटो लावणारा अल्बम उघडला. बाराव्याच्या फोटोंनंतर एकटी पडलेली, मी घरी केलेली कालची प्रत पुसून टाकली. आई मे महिन्यात, भाच्याच्या मुंजीच्या फोटोंशेजारी, पदर सावरत हसत होती.