हरायची प्रॅक्टिस

"दात दाखव."

मास्तर पहिल्यांदा भेटला की नाव नाय विचारायचा, कोणाचा पोरगा तेपण नाय विचारायचा. दोन बोटांनी हनुवटी धरायचा, अंगठ्याने वरचा ओठ वर सारायचा आणि बघायचा. माझे बघून म्हणाला, "वरची रांग पुढं आलीय. कुत्रा असतास तर रिंगच्या बाहेर काढला असता." मग बोटं पुसली. स्वतःच्या लेंग्याला नाय, माझ्या शर्टाला.

माणसाकडे ढोरासारखं बघणारे तुमीपण बघितले असतील. आमचा मास्तर कुत्र्यासारखं बघायचा, आणि कुत्र्यापेक्षा जरा कमीच.

मास्तर म्हणजे शाळेतला नाय. शहापूरकडच्या शेणवे गावाच्या पुढे मुंबईच्या एका शेठचं फार्महाऊस होतं, तिथे तो शेठची शोची कुत्री सांभाळायचा. डॉबरमन, लॅब्रेडॉर, असली. कुत्र्यांच्या पिंजऱ्यांना खाली लादी होती. पिंजऱ्यांच्या मागे मास्तरची पत्र्याची खोली, तिला शेणाची जमीन. खोलीत मास्तर आणि त्याची पोरगी बेबी. बायको कधीच वारलेली. बेबी माझ्याच वर्गात, सहावीत. गप्प पोरगी. बाई हजेरी घ्यायच्या तेव्हा बेबी "हजर" म्हणायची ते फक्त पहिल्या बाकाला ऐकू जायचं.

आता आमी पाड्यावरची पोरं तिथे काय करत होतो, ते सांगतो.

डॉग शोमधे पोरांची एक वेगळी स्पर्धा असते. ज्युनिअर हँडलिंग. त्यात कुत्र्याचं रूप बघत नाय, पोराचं काम बघतात. पोरगा कुत्र्याला कसा पळवतो, चार पायांवर सरळ कसा उभा करतो, जजला दात कसे दाखवतो. पहिला नियम एकच, जज आणि कुत्रा यांच्या मधी यायचं नाय. शेठचा पोरगा विकीबाबा आमच्याच वयाचा, त्याला या स्पर्धेतला कप पायजे होता. म्हणजे त्याला फ्रूटी पायजे होती, कप शेठला पायजे होता. पण एकटाच पोरगा रिंगमधे पळला तर तो जिंकला कोणाला? म्हणून शेठने आमाला ठेवलं. शेठचीच कुत्री आमच्या हातात द्यायची, शेठचेच जुने शर्ट आमाला घालायचे आणि आमी विकीबाबाच्या मागे पळून हरायचं.

हरायलापण शिकवावं लागतं हो. मास्तरने प्रत्येकाला एकेक चूक वाटून दिली होती. माझी चूक, जजच्या आणि कुत्र्याच्या मधी येणं. माझा दोस्त भाऊ, त्याने दात दाखवायला विसरायचं. बेबीने वळणावर पट्टा सोडायचा. रोज शाळा सुटली की आंब्याखाली चुन्याची रिंग आखून आमी हीच प्रॅक्टिस करायचो. चूक नीट झाली नाय तर पाठीत काठी.

"चूक अशी कर की चुकून झाली असं वाटलं पायजे!" मास्तर ओरडायचा. "तू तर नाटकात पडतो तसा पडतोस, भाड्या."

मास्तरचा डावा पाय लंगडा होता. मी वर्गात त्याची चाल करून दाखवायचो, वर "दात दाखव, दात दाखव" करत सगळ्यांच्या हनुवट्या धरायचो. पोरं बाकावरून पडायची. एकदा आंब्याखाली करत होतो तर मास्तर मागेच उभा. मला वाटलं, गेलो. तो शांतपणे म्हणाला, "पाय आणखी वाकडा टाक. मी जास्त लंगडतो." मी टाकला. "आता असाच पळ." अंधार पडेपर्यंत मला वाकड्या पायाने रिंगभर पळवलं. दुसऱ्या दिवशी मी खरंच लंगडत शाळेत गेलो. वर्गाला वाटलं नक्कल करतोय, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

पण कुत्र्यांवर त्याचा जीव. थंडीत पिल्लं झाली की शर्टाच्या आत घालून झोपायचा. बेबी शेजारी चादरीत कुडकुडायची. भाऊने एकदा विचारलंन, "मास्तर, बेबीला पन घ्या की आत." मास्तर म्हणाला, "तिला केसं नायत, पिल्लांना हायत. शेठ केसांचे पैसे देतो." विनोद करत होता की काय ते आमाला कधी कळलं नाय. तो हसला नव्हता.

संध्याकाळी मास्तर खोलीच्या ओट्यावर बसून तोंडात दोन बोटं घालून लांब शिट्टी मारायचा. जेवणाची शिट्टी. ती ऐकली की सगळी कुत्री वेडी व्हायची. बादल्या उचलायच्या बेबीने. लहान असताना कुत्र्यांनी तिला बादलीसकट पाडलं होतं. मग तिने स्वतःच एक करून ठेवलं. शिट्टी झाली की आधी हात वर करायचा. कुत्रं बसल्याशिवाय ताट खाली ठेवायचं नाय. आमी हे रोज बघायचो. मास्तरने कधी बघितलं नाय, तो शिट्टी मारून बिडी पेटवायचा आणि भिंतीकडे तोंड करून ओढायचा.

विकीबाबा दोन शो हरला. आमी सगळे शिस्तीत हरायचो, पण दुसऱ्या बंगल्यांतली पोरं थोडीच आमच्या मास्तरकडे शिकलेली? तेव्हा शेठ एका शनिवारी गाडीतून न उतरता बोलला, "यावेळी विकी जिंकला नाय तर मी सगळं बंद करतो. कुत्री पुण्याला देऊन टाकतो. तू खोली मोकळी कर." आणि काच वर केली.

मास्तर काचेला "होय शेठ" म्हणाला.

शो ठाण्याला होता. टेम्पोत पुढे पिंजरे, मागे आमी. मास्तर पिंजऱ्याला टेकून बसलेला. आसनगाव मागे पडल्यावर बेबी बोलली. टेम्पोच्या आवाजातपण ऐकू आलं, म्हणजे तिच्या मानाने ती ओरडलीच.

"बा, आज एकदा नीट चालवू?"

"नीट चालवून काय करशील?"

"बघेन. मला येतंय का ते."

"येतंय तुला. म्हनून तर पट्टा सोडायला लावतो." मास्तरने बिडी विझवली. "आज तू पट्टा नाय सोडलास तर उद्या झोपायचं कुठं, ते तूच सांग मला."

बेबी पिंजऱ्याच्या गजांतून ओढणीचं टोक आत घालून क्वीनीचे कान पुसत बसली. क्वीनी म्हणजे डॉबरमन, तिच्या वाटणीची.

मैदानावर कुत्र्यांना केस सुकवायच्या मशीनखाली उभं केलेलं. भाऊ म्हणाला, "माझ्या आईला जन्मात असा वारा लागला नाय." जज म्हणजे एक टोपीवाली म्हातारी बाई. आमी पाच जण रिंगमधे उतरलो, दंडाला नंबर बांधून. चार आमी शेठच्या घरचे, पाचवा चष्मेवाला कोणी बाहेरचा, त्याचं छोटं कुत्रं रिंगमधेच शी करून मोकळं झालं. म्हणजे मैदान साफ.

मी मधी आलो. एकदम झकास आलो, बाई मला जवळजवळ धडकली. भाऊ दात विसरला. विकीबाबा त्याचा डॉबरमन ओढत ओढत कसाबसा फेरी मारून आला. मग बेबी निघाली.

वळण आलं. पट्टा सुटला नाय.

मी बघत होतो, क्वीनी तिच्या गुडघ्याला लागून अशी पळत होती की मधी पट्टा हाय का नाय ते कळत नव्हतं. दुसरं वळण आलं, तेपण गेलं. बेबी बाईसमोर थांबली, क्वीनीचा ओठ वर केला. मास्तरसारखाच, अंगठ्याने. पण असा, की क्वीनीला गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं. टोपीवाली बाई हसली. दोरीच्या बाहेर शेठने मास्तरकडे बघितलं.

आणि मास्तरने तोंडात दोन बोटं घातली.

त्याला वाटलं क्वीनी सुटेल, बेबी आपटेल, काम होईल. एवढी वर्षं कुत्र्यांत काढून तो माणूस एक गोष्ट विसरला. त्या शिट्टीवर एकटी क्वीनी नाय जेवायची, सगळीच जेवायची. आणि त्यातली चार आत्ता रिंगमधे होती.

माझ्या लॅब्रेडॉरने मला अर्ध्या मैदानापर्यंत नेलं. भाऊचा पट्टा हातात राहिला, कुत्रं पुढे. विकीबाबाने पट्टा मनगटाला गुंडाळला होता, तो पोटावर घसरत गेला, पांढरी पँट, बो-टाय, सगळं धुळीत. ओरडत होता, "पप्पा! पप्पा!" तिन्ही कुत्री दोरीखालून निघाली, मास्तरच्या पायापाशी जाऊन उभी राहिली आणि शेपट्या हलवत त्याच्या हाताकडे बघायला लागली. शिट्टी कोणी मारली ते अख्ख्या मैदानाला कुत्र्यांनीच दाखवलं.

बेबीने शिट्टी ऐकली आणि सवयीने हात वर केला. क्वीनी खाली बसली. बसली ती बसलीच.

बाईने कप बेबीला दिला. हातपण मिळवला. मी तेव्हा बेबीचे दात पहिल्यांदा बघितले.

कप तिच्या हातात मंडपापासून गाडीपर्यंत राहिला. गाडीपाशी शेठ उभा होता. "शिट्टी कोणी मारली?" कुत्री अजून मास्तरच्या पायाशीच. मास्तरने एकदा कुत्र्यांकडे बघितलं, एकदा बेबीकडे.

"पोरीनं शिकवलंन कुत्र्यांना, शेठ. मी नुसता शांत करायला मारली. खोडी तिची. हिनंच ठरवून केलंन."

"ही पोरगी उद्यापासून माझ्या कुत्र्यांजवळ दिसायला नको."

"होय शेठ."

"आणि कुत्रा कोणाचा?"

"तुमचा, शेठ." असं म्हणून मास्तरने स्वतःच्या हाताने बेबीकडून कप घेतला, तिच्याच ओढणीने पुसला आणि गाडीत विकीबाबाच्या मांडीवर ठेवला. विकीबाबा रडायचा थांबला. घरात कप आला, कुत्री राहिली, मास्तरची खोली राहिली.

दुसऱ्या दिवशी माझी आई बेबीला शहापूरच्या स्टँडवर सोडून आली. मुरबाडच्या पुढे सिद्धगडाच्या खाली तिची मावशी होती. मास्तर सोडायला आला नाय, कुत्र्यांना धुवायचा वार होता. संध्याकाळी त्याने शिट्टी मारली आणि स्वतः बादली घेऊन पिंजऱ्यात गेला. हात वर करायचा असतो हे त्याला कुठे माहीत? लंगडा माणूस, बादलीसकट आडवा, वर कुत्री. आमी कुंपणाला धरून एवढे हसलो की भाऊला उचकी लागली. नंतर वर्गात मी तेपण करून दाखवलं. बेबीची जागा रिकामी होती, मी तिच्याच बाकाजवळ पडलो, तिथे जागा जास्त होती म्हणून.

मास्तर मावशीकडे कधी गेला नाय. बेबीच्या लग्नालापण नाय, त्या दिवशी शेठकडे पावणे होते.

एकदाच, मी दहावी नापास होऊन तिथे झाडांना पाणी घालायला जायचो तेव्हा, ओट्यावरून मला हाक मारली. "ए नकल्या. तुला बेबीचा आवाज येतो?"

"येतो."

"काढ."

मी बारीक आवाजात म्हटलं, "बा, चा झाला." मास्तर डोळे मिटून ऐकत होता. मग म्हणाला, "आवाज जाड झालाय तुझा. परत नको काढू." आणि आत गेला.

शेठने जमीन विकली तेव्हा मी शहापूर-मुरबाड काळीपिवळी चालवत होतो. कुत्री मुंबईच्या लोकांनी नेली. म्हातारी क्वीनी राहिली, दोन्ही डोळ्यांनी आंधळी झालेली. मास्तर एक गाठोडं आणि क्वीनीला घेऊन माझ्या जीपमधे बसला. पाशिंजर कुरकुरले. "म्हातारा चालेल, कुत्रा नको," एक बाई म्हणाली. मास्तर म्हणाला, "माझंपन तेच म्हननं असायचं, उलटं." मुरबाडला सगळे उतरले आणि मी त्याला पुढे बेबीच्या सासरच्या घरापर्यंत नेलं.

बेबी अंगणात तांदूळ पाखडत होती. मास्तर फाटकाशी उभा राहिला.

"बेबी, मी आलोय."

तिने सूप खाली ठेवलं. आली, बापाकडे न बघता खाली बसली आणि क्वीनीच्या नाकापुढे हात धरला. क्वीनीने वास घेतला, मग हाताच्या आत तोंडच घातलं. "किती गो म्हातारी झालीस तू," बेबी म्हणाली, वर्गात कधी बोलली नव्हती एवढ्या मोठ्याने. मग मास्तरच्या हातातून पट्टा घेतला. "हिला राहू द्या हितं."

"आनि मी?"

मास्तरने स्वतःसाठी कोणाला काही विचारलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

बेबी माझ्याकडे वळली. "दादा, जीप रिकामीच चालली ना? यांना घेऊन जा." आणि क्वीनीला उंबरठा लागू नये म्हणून तिचे पुढचे पाय हाताने उचलून आत ठेवले.

परतीला मास्तर पुढे माझ्या शेजारी बसला. मी विचारलं, "मास्तर, कुठं सोडू?" तो म्हणाला, "गाडी जिथं रिकामी होईल तिथं." मुरबाडला पाशिंजर भरले, ती शहापूरला रिकामी झाली. मास्तर गाठोडं घेऊन उतरला. मग कुठल्या बाजूला गेला ते मी बघितलं नाय. मी "मुरबाड, मुरबाड" ओरडत होतो, पाशिंजर भरायचे होते.